महिपतशेटच्या जीपचे दिवे

महाडच्या एस.टी. स्टँडमागे, सावित्रीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी कुशाबा साळेकरचं पत्र्याचं दुकान होतं. लढाईच्या काळात तो लष्कराच्या मोटार वर्कशॉपात पाच वर्षं होता आणि गाडीच्या दिव्यांचं काम तिथंच शिकला होता. इंजिनाला हात घालणारे महाडात आणखी तिघे होते. पण दिवा लुकलुकायला लागला, एक डोळा मिटला, किंवा उजेड रस्त्यावर पडायचा सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागला, की पोलादपूरपासून माणगावपर्यंतचे ड्रायव्हर कुशाबाकडेच यायचे.

त्याची रीत ठरलेली होती. बल्ब नेहमी जोडीनं बदलायचे. एक गेला की दुसराही जायच्या वाटेवर असतो. आतल्या चकचकीत वाटीला बोट लावायचं नाही, धुतलेल्या मलमलनं नुसती धूळ उडवायची. बल्ब बसतो ती खोबण काचकागदानं घासून लख्ख करायची, तारेचं टोक गाडीच्या सांगाड्याला जिथं टेकतं तिथला गंज काढायचा. कोकणातल्या पावसात निम्मे दिवे बल्बापायी जात नाहीत, गंजापायी जातात. शेवटी गाडी समोरच्या गोदामाच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची आणि भिंतीवर खडूनं मारलेल्या खुणांवर दोन्ही उजेड नीट बसेपर्यंत स्क्रू पिळत राहायचं. घाई असलेल्या ड्रायव्हरला तो परत पाठवायचा. "अर्धवट काम माज्याकडं होत नाय," म्हणायचा.

महिपतशेट सकपाळ हा त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक. पोलादपूरच्या वरच्या जंगलात त्याचा कोळशाचा ठेका होता. आंबेनळी घाटात त्याच्या कोळशाच्या भट्ट्या लागायच्या आणि तिथं जायला त्यानं लष्करी लिलावातली फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली होती. ती तो स्वतःच चालवायचा. तिचे मूळचे दिवे केव्हाच फुटले होते. कुशाबानं तिला उघडता येणारे दिवे बसवून दिले होते. जीप सहा व्होल्टची. बाजारात मिळायचे ते बल्ब बहुतेक बारा व्होल्टचे, आणि बारा व्होल्टचा बल्ब तिला लावला तर विडीच्या टोकाएवढा उजेड पडायचा. सहा व्होल्टचे बल्ब मुंबईहून मागवावे लागत. त्यामुळे महिपतशेट ते जपून वापरायचा. घाटात धुकं असलं तरी दिवसा दिवे लावायचा नाही.

"दिवसाढवळ्या दिवे कशाला जाळायचे?" तो हसून म्हणायचा. "लग्नाची वरात आहे का?"

"धुक्यात दिवा आपल्याला दिसावं म्हणून नसतो, शेट," कुशाबा सांगायचा. "समोरच्याला आपण दिसावं म्हणून असतो."

"बरं बरं, मास्तर."

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात, गौरी यायच्या आदल्या दिवशी, कुशाबाची धाकटी बहीण रखमा माहेरी यायला निघाली. तिचं सासर आंबेनळीच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. तिचा नवरा रायबा गुरांपायी मागे राहिला. डोक्यावर बोचकं, त्यात तवशीच्या मोठ्या काकड्या आणि आईसाठी नाचणीचं पीठ. घाटरस्त्यानं पोलादपूरपर्यंत चालायचं, तिथून एस.टी.नं महाड, आणि महाडला भावाच्या सायकलवर बसून नाते गावी, आईकडे. दरवर्षीचा तिचा हाच रस्ता होता.

त्या दिवशी कुशाबानं दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली. तीन वाजता पोलादपूरच्या एस.टी.तून ती आली नाही, निरोप आला.

सकाळी दहाच्या सुमाराला घाटात दाट धुकं होतं. महिपतशेटची जीप वरून खाली येत होती. एका वळणावर जीपनं रखमाला डाव्या बाजूनं धडक दिली, मग कठड्यावर आपटून थांबली. रखमा जागीच गेली. जीपमध्ये महिपतशेट होता आणि शेजारी त्याचा भट्ट्यांवरचा मुकादम चांगू. दोघांनीही पोलिसांना सांगितलं की दिवे लागलेले होते, हॉर्नही वाजवला होता, बाईच एकाएकी पुढ्यात आली. दुसरं कुणी तिथं नव्हतं. पंचनाम्यात 'डावा दिवा फुटलेला' एवढंच लिहिलं गेलं.

महिपतशेट नात्याला भेटायला आला. ओटीवर टोपी काढून बसला. "माझ्या हातून झालं," म्हणाला, "पण देवाशपथ, मला दिसलीच नाही." कुशाबाची आई प्रयागबाई भिंतीला टेकून बसली होती. कुशाबानंच त्याला पाणी दिलं. कुशाबाचा राग धुक्यावर होता, नशिबावर होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं स्वतः त्या जीपला नवी जोडी बसवली होती, भिंतीवर उजेड जुळवून दिला होता. दिवे चांगले होते, लागलेले होते, तरी बहीण गेली. मग माणूस काय करणार?

महिन्याभरानं पोलिसांनी जीप सोडली आणि चांगू ती कुशाबाच्या दुकानापुढे घेऊन आला.

"शेट म्हनाले, तुज्याशिवाय कुनाला जमनार नाय," चांगू खाली बघत म्हणाला. "राग मानू नको."

"ठेव. संध्याकाळी ये."

चांगू गेल्यावर कुशाबा बराच वेळ जीपकडे बघत उभा राहिला. मग काम म्हणून त्यानं डाव्या दिव्याची कड उघडली. पुढची काच चुरा झाली होती. आतल्या बल्बाचीही काच फुटली होती, पण बूड खोबणीत बसलेलं होतं आणि त्याच्यावर तार उभी होती. त्यानं बूड फिरवून बाहेर काढलं आणि दाराशी उजेडात धरलं.

फुटलेल्या बल्बातली तार दोन तऱ्हांनी मरते, हे त्याला वर्कशॉपातल्या हवालदारानं शिकवलं होतं. बल्ब जळत असताना काच फुटली की तापलेल्या तारेला हवा लागते. ती भडकून जाते, धूर सोडते, आणि आजूबाजूला पिवळट-पांढरी राख चिकटते. बल्ब विझलेला असताना फुटला तर तार थंड असते. हिसक्यानं तुटेल, पण जशी होती तशी चकचकीत राहील.

ही तार चकचकीत होती. दोन्ही तारा, वरच्या उजेडाची आणि खालच्या उजेडाचीही. एक मधोमध तुटली होती. तुटलेलं टोक स्वच्छ होतं, वितळल्याची गोळी नव्हती. म्हणजे बल्ब आधीच उडालेला होता असंही नाही. बल्ब चांगला होता आणि विझलेला होता.

तरी त्यानं खात्री केली. एक जुना बल्ब बॅटरीवर लावला आणि पान्यानं त्याची काच फोडली. भप्पकन उजेड झाला, धुराची एक शेंडी वर गेली आणि बुडावर पांढरी पूड बसली. त्यानं दोन्ही बुडं शेजारी शेजारी ठेवली.

दिवसाढवळ्या दिवे कशाला जाळायचे. तेवढ्यासाठी.

संध्याकाळी चांगू आला तेव्हा जीप तयार होती. नवी जोडी, नवी काच, उजेड खुणांवर बसवलेला. कुशाबानं काही बोलून दाखवलं नाही. फुटकं बूड कापसात गुंडाळून त्यानं तंबाखूच्या डबीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारापुढे नेलं.

खटला चैत्रात उभा राहिला. सरकारी वकिलानं कुशाबाला साक्षीला बोलावलं, पण बल्ब मधोमध ठेवून खरी लढाई केली ती महिपतशेटच्या वकिलानं. तो पुण्याहून आला होता.

"हे बूड जीपमधून काढलंत तेव्हा पंच कोण होते?"

"कुनी नव्हतं."

"पोलीस?"

"नाय."

"सील?"

"नाय."

"तुमच्या दुकानात असे फुटके बल्ब किती असतील?"

"मोजले नायत."

"अंदाजे सांगा. एक टोपली?"

"असतील."

"मयत बाई तुमची कोण?"

"भैन."

वकील खाली बसला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. चांगूनं शपथेवर सांगितलं की दिवे लागलेले होते. महिपतशेट संशयाचा फायदा मिळून सुटला.

कुशाबाला त्या निकालापेक्षा जास्त एक गोष्ट टोचत राहिली. बल्बाला हात न लावता तो फौजदाराला बोलवायला गेला असता, पंचांपुढे दिवा उघडला गेला असता, तर ते बूड पुरावा ठरलं असतं. त्यानं ते स्वतःच्या हातानं काढलं आणि काढताक्षणी ते टोपलीतल्या इतर बुडांसारखं झालं. रायबा कोर्टाच्या आवारात जांभळीखाली बसून रडत होता. कुशाबा त्याच्याजवळ उभा होता, तेवढ्यात महिपतशेट पायऱ्या उतरून आला आणि त्यानं कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं गेलं गंगेला मिळालं," तो म्हणाला. "माझ्या मनात काही नाही. जीपचं काम तुझ्याकडेच राहील."

"राहू द्या," कुशाबा म्हणाला. "जीप माज्याकडंच आना."

त्या रात्री त्याची बायको आनंदीबाई त्याला म्हणाली, "त्याच्या गाडीला परत हात लावू नका. तुमचा हात थरथरंल."

"नाय थरथरायचा."

त्याचा सगळा विचार करून झाला होता. तार अशी कापून ठेवता येते की दहा मैलांवर धक्क्यानं सुटेल. खोबणीत कागदाचा कपटा घालता येतो. हे सगळं त्याला येत होतं, आणि त्यातलं काहीही त्याला करायचं नव्हतं. दिवे गेले आणि शेट दरीत गेला तर एका क्षणात सुटेल. शिवाय घाटात समोरून दुसऱ्या कुणाची रखमा चालत येत असेल. त्याला शेट जिवंत हवा होता.

वैशाखात महिपतशेट स्वतः जीप घेऊन आला. पावसाआधीची तपासणी. कुशाबानं त्याला स्टूल दिलं आणि त्याच्यासमोरच दोन्ही दिवे उघडले. वाट्या पुसल्या, खोबणी घासल्या, तारांची टोकं नवी केली, बल्बांची जोडी बदलली. दोन बल्ब कापसात गुंडाळून जीपच्या कप्प्यात जादा म्हणून ठेवले. ऊन उतरल्यावर भिंतीवर उजेड जुळवून दाखवला. इतकं नेटकं काम त्यानं कधी केलं नव्हतं.

"वा," महिपतशेट म्हणाला. "आता काळजी नाही."

"दिवे चांगले हायत," कुशाबा हात पुसत म्हणाला. "आज."

"आज म्हणजे?"

"एक दिवस जातील, शेट. घाटात जातील. धुकं आसंल, वळण आसंल. कधी ते मी सांगनार नाय."

महिपतशेट हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. "धमकी देतोस?"

"धमकी कसली? तुमच्यासमोर काम केलं. सगळं बगितलंत. कुटं खोट दिसली का?"

"नाही."

"मग झालं तर."

पहिला पावसाळा महिपतशेटनं ते मनावर घेतलं नाही. पण बल्ब ही वस्तूच अशी की कधी ना कधी जाते. कार्तिकात भट्ट्यांकडे चढताना खडकाळ चाकोरीत जीप आदळली आणि उजवा दिवा गेला. निव्वळ धक्क्यानं. चांगूनं नंतर सांगितलं की शेटनं जीप थांबवली आणि तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

परत येताना तो कुशाबाकडे आला नाही, त्यानं कप्प्यात ठेवलेल्या जादा बल्बांनाही हात लावला नाही. पोलादपूरच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यानं बल्ब घालून घेतले. ते निघाले बारा व्होल्टचे. जीप दोन निखारे घेऊन चालल्यासारखी दिसायला लागली. मग तो पनवेलला गेला. तिथल्या मिस्तरीनं सगळी वायरिंग उलगडली आणि सांगितलं, "काम उत्तम आहे. कुणी केलंय?" महिपतशेटला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मिस्तरीला सापडत नाही इतकी बारीक काहीतरी करामत आहे, असं त्याच्या डोक्यात बसलं.

पौषात तो परत कुशाबाच्या दुकानी आला.

"तू काय केलं आहेस ते सांग."

"काय नाय."

"मग तसं का म्हणालास?"

"बल्ब जानारच, शेट. आजवर कुनाचा ऱ्हायलाय?"

त्यानंतर महिपतशेट दिवे सतत लावून ठेवू लागला. ते लागलेले दिसत राहावेत म्हणून. माघातल्या लख्ख उन्हात, भर बाजारपेठेतून त्याची जीप दोन्ही दिवे जळत जायची आणि दुकानदार बाहेर येऊन बघायचे. "शेट, वरात कुनाची?" कुणी विचारायचं. घाट चढताना जीप हळू चाले आणि डायनामो बॅटरीला पुरा पडत नसे. दिवे जळत असल्यानं बॅटरी उतरायची, आणि पोलादपूरच्या चौकात मजूर गोळा करून जीप ढकलावी लागायची. बल्बही आता दीड-दोन महिन्यांत जायचे. गेले की यावं लागायचं कुशाबाकडेच, कारण सहा व्होल्टचे बल्ब त्याच्याचकडे होते.

कुशाबा प्रत्येक वेळी काम चोख करायचा आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा, "चांगले हायत. आज." शेटच्या गालाचं मांस उतरलं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कुशाबा ते बारकाईनं बघायचा, घरी जाऊन ते आठवायचा, आणि त्याला जेवण गोड लागायचं. हे त्यानं कुणापासून लपवलं नाही.

पण त्याचं बोलणं बोळाबाहेर गेलं होतं. चांगूनं कुठंतरी सांगितलं, मग ते ट्रकवाल्यांत पसरलं. कुशाबा दिव्यात काहीतरी घालून ठेवतो आणि ते पाहिजे तेव्हा जातात. त्याला ओळखणारे हसण्यावारी न्यायचे. पण घाटात रात्री उतरणारा ड्रायव्हर हसण्यावारी किती नेणार? एकेकजण यायचा बंद झाला. ज्या भिंतीपुढे संध्याकाळी तीन-तीन गाड्या उभ्या असायच्या, तिथं आता शेळ्या बसायला लागल्या.

"खरं सांगा," आनंदीबाई एकदा म्हणाली. "त्या जीपला तुमी काय केलंय का?"

"रखमाची आन. काय नाय."

"मंग तसं लोकांना सांगा. चारचौगांत सांगा."

"लोकांना सांगितलं की त्याला कळंल."

"आनि आपलं दुकान?"

तो सायकल पुसत राहिला. आनंदीबाई आत निघून गेली.

साठ सालच्या श्रावणात हे सगळं एका दिवशी उतू गेलं. त्या दिवशी महाबळेश्वरहून खाली येणारी एस.टी. पांडू ड्रायव्हर चालवत होता. आंबेनळीत दुपारी बाराला हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. एका वळणापाशी त्याला दोन उजेड दिसले, जागेवरच उभे. त्यानं बस थांबवली, उतरून पुढे गेला. महिपतशेटची जीप रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही दिवे चालू. चांगू एका बाजूला पावसात उभा होता. आणि महिपतशेट जीपच्या पुढ्यात, रस्त्यावर, मांडी घालून बसला होता. दिव्यांकडे तोंड करून. भिजून चिंब.

"काय झालं?" पांडूनं विचारलं.

"दोन तास झाले," चांगू म्हणाला. "उटत नायत. म्हनतात, मी बगतोय तवर जानार नायत."

पांडू आणि कंडक्टरनं त्याला उचलून जीपमध्ये बसवलं. चांगूला जीप जेमतेम चालवता यायची. त्यानं ती वळवून एस.टी.च्या पुढे ठेवली, मागून पडणाऱ्या बसच्या उजेडात हळूहळू पोलादपूरला उतरवली, आणि तिथून पांडूच्या सोबतीनं थेट महाडला, कुशाबाच्या दुकानापुढे आणली. प्रवासी स्टँडवर उतरवून पांडूही मागोमाग बोळात आला.

महिपतशेटचे दात वाजत होते. त्यानं कुशाबाचा हात धरला.

"काढून घे," तो म्हणाला. "जे काही घातलं आहेस ते काढून घे. काय पाहिजे ते माग."

कुशाबानं हात सोडवून घेतला. "एक विचारतो. रखमा आली तेवा दिवे लागलेले होते का?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"शेट," चांगू म्हणाला, "सांगून टाका. माज्यानं आता ऱ्हावत नाय."

"नव्हते," महिपतशेट म्हणाला.

"मोट्यानं."

"नव्हते लागलेले. मी लावलेच नव्हते. हॉर्नही नाही वाजवला."

पांडू दाराशी उभा होता, त्यानं ऐकलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानंही ऐकलं. कुशाबाला वाटलं होतं की हे ऐकल्यावर छातीतलं काहीतरी सुटेल. तसं झालं नाही. उलट तो आणखी गार झाला.

"हे मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "चला, नात्याला."

जीप कुशाबानंच चालवली. शेजारी महिपतशेट, मागे चांगू. प्रयागबाई चुलीपुढे बसून अळूची पानं निवडत होती. दाराच्या उजेडात माणसं उभी राहिली तशी तिनं मान वर केली.

"आये," कुशाबा म्हणाला, "ह्यांना तुला काय सांगायचं हाय."

महिपतशेट उंबऱ्याबाहेरच बसला. त्यानं सगळं सांगितलं. दिवे बंद होते. बल्ब जपायचे म्हणून बंद होते. कोर्टात खोटं बोललो, चांगूलाही बोलायला लावलं. बोलताना तो रडत होता आणि नाक बाहीला पुसत होता. प्रयागबाई पानांचे देठ मोडत ऐकत राहिली. त्याचं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं,

"तिनं हाक मारली काय रे?"

महिपतशेटला कळलं नाही.

"मरताना. कुनाला हाक मारली काय? ह्यो कुशाबा म्हनतो जागच्या जागी गेली. तू होतास तिथं."

महिपतशेटनं चांगूकडे पाहिलं. चांगूनं तोंड फिरवलं.

"मारली," महिपतशेट म्हणाला. "आये म्हणाली. दोनदा."

प्रयागबाई थांबली. हातातलं पान तिनं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं. जा आता." आणि ती भिंतीकडे वळून बसली. कुशाबा पुढे झाला तर तिनं त्यालाही हातानंच जायला सांगितलं.

आपली आई इतके दिवस हे विचारायला माणूस शोधत होती, हे कुशाबाला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. त्यानं तिला बल्बाचं सांगितलं होतं, कोर्टाचं सांगितलं होतं, शेटच्या उतरलेल्या गालांचंही सांगितलं होतं. तिनं कधी काही विचारलं नव्हतं.

अंगणाबाहेर महिपतशेटनं त्याला गाठलं.

"सांगितलं मी. सगळं सांगितलं. आता तू सांग, दिव्यांत काही नाही ना? एकदा सांग. तुझ्या तोंडून."

खरं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि त्या शब्दानं हा माणूस आज रात्री झोपला असता. कुशाबानं त्याच्याकडे पाहिलं. रखमा दोनदा हाका मारत होती तेव्हा हा काय करत होता? जीपमधून उतरला तरी होता का? ते त्यानं विचारलं नाही. चांगूकडे जीपची किल्ली फेकली.

"संबाळून जा," म्हणाला. "धुकं पडंल."

आणि तो घरात गेला.

फौजदारानं पांडूची आणि पंक्चरवाल्याची हकिकत ऐकून घेतली आणि सुटलेल्या माणसावर तोच खटला परत होत नाही असं सांगितलं. चांगू पोलादपूर सोडून मुंबईला गिरणीत गेला. महिपतशेटनं जीप आठवड्याभरात घाटावरच्या एका बागायतदाराला विकली आणि पुढच्या साली कोळशाचा ठेकाही सोडला. रायबाला कुशाबानं स्वतः वाडीवर जाऊन सगळं सांगितलं. रायबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू त्याला मारायला पायजे होतास." दोघे संध्याकाळपर्यंत गोठ्यापाशी बसून राहिले.

दुकान मात्र सावरलं नाही. जीप विकली गेल्यावर कुशाबानं भेटेल त्याला सांगितलं की त्यानं कधीच काही केलं नव्हतं. पण तेव्हा लोकांना ते पटेना. जो माणूस सव्वा वर्ष एकाला असा जाळू शकतो, त्याच्या हातात आपला दिवा कोण देणार? बासष्ट साली त्यानं पत्रे विकले आणि माणगावला एका खाणीच्या वर्कशॉपात नोकरी धरली. तिथं त्याला डंपरांचे ब्रेक दिले, दिवे नाहीत.

पांडू ड्रायव्हर अधूनमधून माणगावच्या स्टँडवर भेटायचा. एकदा चहा पिताना तो म्हणाला की महिपतशेट आता एस.टी.नं प्रवास करतो. मुलगी महाबळेश्वराला दिलेली, म्हणून घाट चढावा लागतो. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसतो. पोलादपूर सोडलं की वाकून विचारतो, दिवे बघितलेत का? घाट चढून जाईपर्यंत पुढचा दांडा सोडत नाही. उतरल्यावर त्याच्या तळव्यांवर वळ उठलेले असतात.

"थकलाय म्हातारा," पांडू म्हणाला. "मला तर दया येते. आता तरी तू स्वतः त्याला सांगून टाक, दिव्यांत काही नव्हतं म्हणून."

कुशाबानं बशी खाली ठेवली. त्यानं आणखी दोन चहा सांगितले, बाक पुढे ओढला आणि म्हणाला, "परत सांग. पोलादपूर सोडल्यापासनं सांग."